दहा हजारावर एक

माझ्या सासूबाई आयुष्यात एकदाच जुगार खेळल्या, तोही सहा पौंडांचा, आणि त्यात त्या दहा हजार पौंड जिंकल्या. किंवा जिंकल्या नाहीत. हे नक्की सांगू शकेल असं एकच माणूस तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं होतं, आणि ते माणूस म्हणजे मी. मी पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतर चार महिने मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सासूबाई दरवर्षी सहा महिन्यांच्या व्हिसावर अमरावतीहून आमच्याकडे साउथहॅम्प्टनला येतात. सासरे गेल्यापासूनची ही त्यांची तिसरी खेप. नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, त्याच्या ड्यूट्यांना ना दिवस ना वार. मी बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दोन दिवस तिकडे जाते आणि तीन दिवस घरातच, वरच्या खोलीत, दार लावून. दुसऱ्यांनी बांधलेल्या वस्तूतला बिघाड शोधण्याचा मला पगार मिळतो. या कामाचा पहिला नियम असा की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. वाटलं, असेल, झालं असावं, हे चालत नाही. नव्या पोरांना मी हा नियम फार तोऱ्यात शिकवते.

त्या शुक्रवारी मी अर्धी रजा घेऊन त्यांना बंदरावर मोठं जहाज दाखवायला नेलं. जहाज पाहून झालं, वारा असा की छत्री उलटी, आणि सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं. समोर कॅसिनो होता. दारावरच्या माणसाने हसून आत सोडलं. आत गालिचा इतका जाड की सासूबाईंनी सवयीने विचारलं, "चपला कुठे काढायच्या?"

मग म्हटलं, आलोच आहोत तर चहा घेऊ. चहा आला आणि तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. संध्याकाळी आमची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती आणि मी 'ठीक आहे' म्हणून शेरा दिलेल्या एका पानात चूक निघाली होती. चूक माझीच होती, त्यामुळे माझं डोकं जास्तच तापलं होतं. सासूबाई विचारत होत्या, ही यंत्रं कसली, ही चित्रं कशाची, लोक एकटेच का खेळतात. मी पर्समधून पाच पौंडांची नोट काढली, कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्रात घातली आणि त्यांना त्याच्यासमोर बसवलं. "हे बटण दाबा आई. गंमत म्हणून." रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा ना, तसं. आणि शेजारच्या खुर्चीत बसून मी फोनमध्ये तोंड घातलं.

एकदा दाबलं की एक पौंड जायचा. चार वेळा काही झालं नसावं. पाचव्यांदा घंटा वाजल्यासारखा आवाज झाला, पण तिथे सगळीकडेच काही ना काही वाजत होतं.

"अगं, दहा हजार!"

"हो हो, छान," मी म्हणाले. मान वर केली नाही.

"अगं बघ तरी."

मी एक बोट वर केलं. एक मिनिट. हे बोट मला आजही दिसतं आणि ते माझंच आहे याचा संताप येतो.

मान वर केली तेव्हा पडदा काळा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती, कर्मचाऱ्याला बोलवा. सासूबाईंचा हात पर्सच्या तोंडाशी होता. "काळं कसं झालं?" त्या म्हणाल्या. "मी फक्त वर एक टाकला."

वर एक म्हणजे काय, हे आपल्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आहेराच्या पाकिटात शंभर घालत नाहीत, एकशे एक घालतात. पाचशे नाही, पाचशे एक. गोळाबेरीज झाली की व्यवहार मिटला, वर एक ठेवला की नातं पुढे चालू राहतं, असं माझी आईही सांगायची. सासूबाईंना पडद्यावर एकावर चार शून्यं दिसली आणि त्यांना ती तशी उघडीबोडकी घ्यायला कसंसंच वाटलं. पर्समध्ये सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं कुलूप सोडवायला जपून ठेवलेला एक पौंड होता. तो त्यांनी फटीत सरकवला आणि पडदा गेला.

आधी एक मुलगी आली, मग टाय लावलेला मॅनेजर आला. त्याने किल्ली लावून यंत्राचं पोट उघडलं, आत बघितलं, फोनवर कुणाशी बोलला. मग यंत्राच्या कडेला लावलेल्या एका पट्टीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, बिघाड झाल्यास सर्व खेळ आणि सर्व बक्षिसं रद्द. यंत्राच्या नोंदीत बिघाड होता, बक्षीस नव्हतं. वरच्या कॅमेऱ्याच्या आड नेमका खांब आला होता. मॅनेजर फार नम्र होता. इंग्रज माणूस नाही म्हणायला लागला की लोण्यापेक्षा मऊ होतो.

"अँड व्हाय डिड शी पुट इन अनदर पाउंड?" त्याने मला विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. शुभ आकडा, रिवाज, लग्नातली पाकिटं. तो मान हलवत ऐकत होता. पुढे त्यांचं पत्र आलं, त्यात या सगळ्याचं एक वाक्य झालं होतं: घटनेनंतरही ग्राहकाने खेळ चालू ठेवला.

मॅनेजरने सहा पौंड परत आणि दोघींना फुकट जेवण देऊ केलं. सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हणतो?" मी सांगितलं. त्या उठल्या, शाल नीट केली आणि म्हणाल्या, "त्याला म्हण, मी जेवून आले." जेवलो नव्हतो आम्ही. गाडीत बसेपर्यंत त्यांच्या पोटातला आवाज मला ऐकू येत होता.

खरा तमाशा पुढच्या रविवारी झाला. बुद्धपौर्णिमेसाठी बेसिंगस्टोकला हॉल घेतला होता. वंदना झाली, भाषणं झाली आणि जेवणाच्या रांगेत सासूबाईंनी कुणालातरी ही हकिगत सांगितली. एकाची चार तोंडं झाली. आधी थोडं शील-बिल निघालं, बौद्धाने जुगाराच्या अड्ड्यावर जावं का वगैरे, मग एक आयटीवाले गृहस्थ, चांगले आहेत तसे, हसत म्हणाले, "आजी, शंभरच असतील. दोन शून्यं जास्त दिसली असतील. या वयात होतं."

सासूबाईंनी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला गणित शिकवलंय. एरवी त्या प्रमाण भाषेत बोलतात, पण रागावल्या की वऱ्हाडी बाहेर येते. "मले शून्य मोजता येत नाही काय?" त्या म्हणाल्या. "काहून हसता? माझी सून होती बाजूला. विचारा तिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात खिरीची वाटी होती.

"हो ना," मी म्हणाले, "होते मी."

होतेच मी. शब्द अगदी खरा. कामावर कुणी असा शेरा लिहिला असता तर मी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

घरी येताना गाडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. नवरा मात्र आरशातून त्यांच्याकडे बघत होता. दोन दिवसांनी त्याने हॉस्पिटलातून एक छापील कागद आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आईसमोर बसला. "आई, सहज विचारतो हं. आज वार कोणता?"

कागद कसला आहे ते मला कळलं. सासूबाईंनाही कळलं, पण मुलगा विचारतोय म्हणून त्या उत्तरं देत राहिल्या. वार, महिना, आपण कुठल्या शहरात आहोत. तीन शब्द लक्षात ठेव. मग शंभरातून सात सात वजा कर.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." त्या पाठ म्हटल्यासारख्या दोनापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आता तुझ्या बायकोला सांग, तिनेही म्हणून दाखवावं." आणि मग अगदी हळू, "मी वेडी झाले असं वाटतं का रे तुला?"

तो खजील झाला. "तसं नाही गं आई. आय जस्ट वॉन्टेड टु बी शुअर." बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "तू पाहिलंस ना पण? मग मी कशाला हे सगळं केलं?"

तिथे सांगता आलं असतं. मी म्हणाले, "भाजी करपतेय, थांब." भाजी गॅसवर नव्हतीच.

त्यानंतर तक्रारीची पत्रापत्री सुरू झाली. सासूबाई मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत लिहायचे. त्यांचा मुद्दा एकच होता आणि तो मला आजतागायत खोडता आलेला नाही. यंत्र बिघडलेलं होतं ना? मग ते कधीपासून बिघडलेलं होतं? पहिले चार पौंड त्याने बिनबोभाट गिळले, तेव्हा कुणी किल्ली घेऊन पोट उघडायला आलं नाही. "हरणाऱ्याचं यंत्र कधी बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "मास्तराने पोराला नापास करताना पेपर एकदाच तपासावा आणि पास करताना दहादा, असा हा न्याय."

कॅसिनोचं उत्तर आलं की नियम पट्टीवर लिहिलेला होता. आम्ही लिहिलं, पट्टीवरची अक्षरं मुंगीएवढी होती. ते म्हणाले, यंत्राची तपासणी झाली आहे. आम्ही म्हटलं, कुणी केली? आठ आठवड्यांनी त्यांनी शेवटचं नाही कळवलं आणि सोबत अशा भांडणांसाठी असलेल्या एका स्वतंत्र लवादाचा पत्ता दिला.

दहा हजार मिळाले तर काय करणार, हे मी त्यांना कधीतरी विचारलं होतं. मला वाटलं तिकिटं, दागिना, नातवंडं. त्या म्हणाल्या, "आधी त्या हॉलमधल्या खीरवाल्यांना बोलावून समोर मोजीन." नंतरचं त्यांनी ठरवलंच नव्हतं.

लवादाचा फॉर्म मी एका शनिवारी दुपारी भरला. आणि भरता भरता मला एक गोष्ट लक्षात आली जी आधीच यायला हवी होती. फॉर्मला जोडलेल्या कागदांत त्या यंत्राची माहिती होती. त्यावर जास्तीत जास्त बक्षीस दहा हजारच देता येत होतं. आमच्या धंद्यात पोरांना सांगतात, बिघाड शोधायचा तर मर्यादेच्या काठावर जा. पन्नासची मर्यादा असेल तर एक्कावन्न घालून बघ. बहुतेक सॉफ्टवेअर मधे नाही मोडत, काठावर एकाने मोडतं. मी हे आयुष्यभर करत आलेय, आणि सासूबाईंनी ते ट्रॉलीच्या पौंडाने करून दाखवलं होतं. दहा हजारावर एक टाकला आणि यंत्र बसलं. म्हणजे त्याआधी तिथे दहा हजार असणारच! मी खुर्चीतून अक्षरशः उठले.

मग बसले. असणार, हे पाहिलेलं नव्हे. पुढच्या पानावर चौकट होती: साक्षीदाराने स्वतः काय पाहिलं ते त्याच्या शब्दांत लिहावं.

ती चौकट मी दोन तास रिकामी ठेवली. खोटं बोलायला जीभ लागते, लिहायला तर तेवढीही लागत नाही. एक ओळ. मी आकडा पाहिला. कुणाचं नुकसान होणार होतं? ज्याचा खांब नेमका कॅमेऱ्यासमोर येतो त्या कॅसिनोचं. आणि एका बाईचं शहाणपण चारचौघांत शाबूत राहिलं असतं. माझी तर खात्रीही होती आता की आकडा खरा होता. तरी हात पुढे जाईना. खरंच सांगते, तो सचोटीचा भाग होता की नोकरीने पडलेली सवय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी लिहिलं की मी त्या वेळी फोन बघत होते, सासूबाईंनी मला आकडा सांगितला, मी स्वतः तो पाहिला नाही. खाली मर्यादेचा आणि वरच्या एकाचा तर्क सविस्तर मांडला. तो इतका सुंदर मांडला की मला वाटलं, एवढ्यावर काम होईल.

फॉर्म पाठवला आणि सासूबाईंना म्हणाले, "पाठवला आई." त्या म्हणाल्या, "तुझं लिहिलंस ना?" मी म्हणाले, "हो."

निकाल सप्टेंबरात आला, त्या परत जायच्या तीन आठवडे आधी. दुपारचे दोन वाजले होते. नवरा ड्यूटीवर होता. सासूबाई बागेकडच्या दाराजवळ खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. म्हणाल्या, "तूच वाच. मराठीत सांग. काही गाळू नको."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. पानं सहा होती. मी एकेक वाक्य वाचायचे आणि मराठीत सांगायचे. पट्टीवरची अक्षरं लहान होती, हे लवादाने मान्य केलं होतं. हरलेल्या पौंडांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, असंही लिहिलं होतं. सासूबाईंनी मान डोलावली. वरच्या एकाबद्दलचा तर्क कल्पक आहे, पण तर्कच आहे. मग मी चौथ्या पानावर आले आणि थांबले.

"पुढे?"

"आई, पुढे तेवढं महत्त्वाचं नाही."

"काही गाळू नको म्हटलं ना."

मी वाचलं. प्रसंगी उपस्थित असलेल्या एकमेव साक्षीदाराने आपण त्या वेळी फोन पाहत होतो आणि आकडा पाहिला नाही असं नमूद केलं आहे. सबब बक्षीस दिसलं होतं हे सिद्ध होत नाही. मी ते मराठीत सांगितलं.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू वर बघितलंच नव्हतंस. वर्गात कोण बघतंय आणि कोण नुसतं हो बाई म्हणतंय, हे मला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं."

"मग तिथे सगळ्यांसमोर माझं नाव कशाला घेतलंत?"

"वाटलं, म्हणशील पाहिलं म्हणून."

मी चिडले. इतके महिने छातीवर धोंडा ठेवून फिरले आणि यांना सगळं आधीपासून माहीत. "आई, मी खोटं कसं लिहिणार होते? सहीनिशी? तुम्हीच रोज सकाळी चौथं शील म्हणता ना, खोटं बोलणार नाही म्हणून?"

"म्हणते की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आणि मग दुपारी अमरावतीला फोन लावते. धाकटी बहीण विचारते, सून घटकाभर जवळ बसते का गं? मी सांगते, हो, रोज बसते. तीन वर्षं झाली सांगतेय."

निकालाचं पाचवं आणि सहावं पान वाचायचं राहिलं होतं, ते मी वाचलं. त्यात तक्रार फेटाळली असं होतं. सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं, कागद माझ्याकडून मागून घेतले आणि पिशवीत ठेवले.

मी उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. पाठीमागे त्यांचा फोन वाजला. तिकडे संध्याकाळ झाली होती. बहिणीचाच होता.

"मजेत आहे," सासूबाई म्हणत होत्या. "हो गं, बसते ना. आत्ता तासभर बसली होती माझ्याजवळ. वाचून दाखवत होती."

चहा उतू गेला, तरी मी गॅसपाशी नुसती रडत उभी होते.